मु. पो. चाकावर

ते पत्र मी दुसऱ्यांदा वाचायला घ्यायला नको होतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा सगळं ठीक होतं. माणिक सुखरूप आहे, वजन चार पौंडांनी वाढलं, गव्हाचा अभ्यास चालू आहे. दुसऱ्यांदा वाचताना मात्र एका वाक्यावर नजर अडकली, आणि तिथून पुढं जे झालं त्याला मी एकटी जबाबदार नाही. ऑस्ट्रेलिया देशाचाही थोडा दोष आहे.

माणिक म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, वच्छलाचा मुलगा. सरकारनं त्याला तीन वर्षांसाठी तिकडं शेती शिकायला धाडलं होतं. वच्छलाचं घर आसेगावला, पण पत्रं तो मला लिहायचा, मंगरूळपीरला. कारण वच्छलाला वाचता येत नाही, तिचा नवरा पुंजाजी सहीपुरता शिकलेला, आणि माणिकला पाटीवर पहिलं अक्षर मी काढून दिलं. (मी स्वतः छप्पन साली, दीक्षा घेतल्यावर, सदतिसाव्या वर्षी शिकले. शाळेचं तोंड पाहिलं नाही. त्यामुळं मला काय येत नाही, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.)

आता हे पत्र आठ महिन्यांनी आलेलं. पुंजाजी बाजाराच्या दिवशी दारात येऊन उभा राहिला होता. “बाई, पोराचं काई आलं का? तुयी बहीन दोन घास जेवते अन् वट्यावर बसून सडकीकडं पायत राह्यते.” पत्र त्यानंतर दोन दिवसांनी आलं. ते पुंजाजीला वाचून दाखवता आलं असतं, पण पुंजाजी ऐकलेलं अर्धं रस्त्यात सांडून जातो. हे पत्र वच्छलाला तोंडादेखत वाचून दाखवायचं होतं, आणि तिथंच पंचाईत होती.

माणिक गेला त्या आठवड्यात वच्छलाच्या अंगणात रोडग्यांचं जेवण झालं होतं. गोवऱ्यांवर कणकेचे रोडगे मी भाजले. चाळीस माणसं पंगतीला बसलेली असताना वच्छलानं एक रोडगा मोडला, आत पाहिलं आणि म्हणाली, “बाई, हा आतून कच्चाच राह्यला. तुया शिकण्यासारखा.”

मी उठले. “तुया छपराखाली आजपासून पाण्याचा थेंब घेनार नाई,” म्हटलं. ती म्हणाली, “मंग मीबी तुया उंबरठ्यावर पाय ठेवनार नाई.” याला दोन वर्षं झाली होती. दोघी एकाच आईच्या, शब्द मोडणारं घराण्यात कोणी नाही.

आणि पत्रात माणिकनं लिहिलं होतं: “आमच्या साहेबाची बहीण सातशे मैलांवर राहते. साहेब, त्याची बायको आणि मी मोटारीमागं चाकांचं घर जोडून तिला भेटायला गेलो. त्याला कॅरॅव्हॅन म्हणतात. आत पलंग, चूल, सगळं. तीन दिवस लाल माती, झाड नाही, माणूस नाही. बहिणीच्या दारात चार दिवस उभे होतो, पण राहिलो आपल्याच घरात, आपल्याच छपराखाली.”

आपल्याच छपराखाली. मी चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं आणि पत्र ह्यांच्यापुढं ठेवलं. आमचे हे, म्हणजे शेषराव, सडकेच्या खात्यात तीस वर्षं मुकादम होते. कोणतंही काम सुरू करण्याआधी ते उकिडवे बसून त्या कामाकडं पाहतात.

“बसनं जा ना,” हे म्हणाले. “दीड तासात आसेगाव.”

“अन् बसमंदून उतरल्यावर?”

“उतरल्यावर तिचं घर.”

“त्या घराले छप्पर आहे.”

“घराले राह्यतेच.”

“म्हनूनच तर मी माया छपरासकट जाऊन राह्यली.”

ह्यांनी पत्र उलटंसुलटं पाहिलं. “कारवाँ म्हनजे उंट असतेत. दर्ग्यापाशी उभा राहून कोनालेबी विचार.”

“उंट तिकडंबी आहेत, मागच्या पत्रात लिहिलं होतं. आपल्याजवळ बैल आहेत. कामात काम.”

शेतातली बंडी, म्हणजे बैलगाडी, घरी आणली. नानाजी सुताराला बोलावलं. जुन्या न्हाणीचे पत्रे काढून दिले, बांबू दिले, आणि मोजमाप काठीनं जमिनीवर आखून दाखवलं. नानाजी बराच वेळ डोकं खाजवत होता.

“कोंबड्याईसाठी लयच मोठं होते, बाई.”

“माणसाईसाठी आहे.”

“मंग लयच लहान होते.”

पण पाच दिवसांत घर उभं राहिलं. चारी बाजूंनी तट्ट्या, वर पत्रा, पुढच्या बाजूला, बैल जुंपायच्या धुरेकडं, दार. दाराला कडी आणि खाली चार बोटं उंचीचा उंबरठा. (नानाजी म्हणत होता, बंडीला उंबरठा कायले? मी म्हटलं, उंबरठ्याशिवाय ते घर नाही, खोकं आहे.) आत सतरंजी, घासलेटचा स्टो, पाण्याचा माठ. दारावर पाटी लावली, अक्षर माझं स्वतःचं: “भागिरथाबाई शेषराव यांचे घर.” सौ. लिहिलं नाही. हे समोर बैल हाकत बसलेले सगळ्यांना दिसणारच होते. खाली “मु. पो.” असं लिहिलं आणि हात थांबला. घर तर चालतं. ती जागा तशीच कोरी सोडली.

दसरा होऊन आठ दिवस झाले होते. पहाटेच निघालो. रस्त्यात माणिकच्या पत्रासारखंच वाटत होतं, फक्त आमच्याकडं झाडं होती आणि माणसंही. ती माणसं मात्र एका गावात अचानक दिसेनाशी झाली. पारावर आठ-दहा बाप्ये बसलेले, एकानं आमच्या घराकडं पाहिलं, पत्रा पाहिला, दार पाहिलं, काहीतरी बोलला, आणि सगळे उठून तुरीत शिरले. टोप्यांची टोकं तेवढी तुरीच्या वर दिसत होती.

एक म्हातारी दळण घेऊन चालली होती. तिला विचारलं, “काहून पळाले वो?”

“तुमी आपरेशनवाले नोहे का?”

सन शहात्तर होतं. त्या वर्षी नसबंदीची सरकारी गाडी दिसली की बाप्ये तुरीत आणि बाया ओट्यावर, असंच चालू होतं. मी पाटीकडं बोट दाखवून म्हटलं, “हे माहं घर आहे.” म्हातारीनं खाली वाकून चाकं पाहिली, मग माझ्याकडं पाहिलं. “घरातून काढलं का तुमाले?” तिनं फार मायेनं विचारलं. हे पुढच्या मैलभर हसत होते. त्याच भरात चाक एका खड्ड्यात आपटलं, माठ फुटला आणि सगळं पाणी सतरंजीनं पिऊन टाकलं. तीस वर्षं सडका दुरुस्त केलेल्या माणसानं एकुलता एक खड्डा गाठला.

दुपारी आसेगावला वच्छलाच्या अंगणात शिरलो. ती ओट्यावर वांगी चिरत होती. घर पाहिलं तसा विळीवरचा हात थांबला. पण ती माझ्याशी बोलली नाही. पुंजाजीला म्हणाली, “बैलाईले सोडा अन् पानी दाखवा. बैलाईनं काई शपथ घेतली नाई.”

मी माझ्या उंबरठ्याच्या आत बसून ह्यांना म्हटलं, “तिले सांगा, माणिकचं पत्र आलं. ऐकायचं असन तर माया घरात ये म्हना.”

वच्छला पुंजाजीला म्हणाली, “सांगा तिले, तिच्या उंबरठ्यावर पाय ठेवनार नाई म्हनलं होतं. अन् आता तं तिनं उंबरठा संगच आनला.”

हे आणि पुंजाजी अंगणात मधोमध उभे, तारेच्या दोन खांबांसारखे. बोलणं इकडून तिकडं त्यांच्यावरून जात होतं. शेवटी मीच ठरवलं: मी माझ्या घरातून वाचते, ती तिच्या ओट्यावरून ऐकू दे.

“प्रिय मावशी” एवढं वाचलं आणि घाम कागदावर पडला. दसऱ्यानंतरचं ऊन, वर न्हाणीचा पत्रा. आत रोडगा भाजून निघाला असता. घशाला कोरड, माठाचे तुकडे कोपऱ्यात. तरी चार ओळी वाचल्या. मग ह्यांना म्हटलं, “हे घर सावलीत घ्या जरासं.”

वच्छला पुंजाजीच्या कानाशी काहीतरी बोलली. मी चष्मा पुसत होते, मला वाटलं वांग्यांचं असेल. दोघा बाप्यांनी धुरा धरून वर उचलली आणि घर मागं ढकलायला सुरुवात केली. मी मागच्या तट्टीला टेकले आणि वाचत राहिले. ओटा जरा लांब गेला. मग त्यांनी धुरा खाली ठेवली तशी मी पत्रासकट पुढं घसरत उंबरठ्यापर्यंत आले, आणि वर कुठंतरी करकर वाजलं. (ऑस्ट्रेलियातही वाजत असेल, म्हणून मी लक्ष दिलं नाही. उंबरठा नसता तर अंगणात पडले असते, हे मात्र नानाजीला नंतर सांगितलं.)

पण काय गारवा आला. मी मोठ्यानं म्हटलं, “पाहा म्हना, माहं घर कसं थंडं आहे.” शेणाचा वास येत होता. म्हटलं, वच्छलाचं अंगण सारवलेलं असेल, तिला सारवण बरं जमतं.

मग पत्र नीट चाललं. लाल माती, शंभर-शंभर मैल घर नाही, आणि कांगारू. “त्या जनावराच्या पोटाला पिशवी असते, त्यात ते आपलं लेकरू ठेवतं.”

“विचारा,” वच्छला म्हणाली, “मोठं झालं का निंगते का बाहीर?”

“निंगते म्हना. अन् पार दूर चाललं जाते.”

वच्छला सडकेकडं पाहू लागली. वांगं हातात तसंच राहिलं. मला उगाच बोलल्यासारखं झालं. मी घाईनं पुढची ओळ घेतली.

“इथं पाव मिळतो. मऊ असतो, उशीसारखा. पण डोळे मिटले की आईच्या आणि मावशीच्या हातचे रोडगे दिसतात.”

(पत्रात एकीचंच नाव होतं. कोणाचं, ते मी सांगणार नाही. पत्र माझ्या पेटीत आहे.)

“दोघीचे म्हनते?” वच्छलानं विचारलं. पुंजाजीला नाही, मला. दोन वर्षांत पहिल्यांदा.

“दोघीचे.”

ती विळी आडवी करून उठली. आज तिनं रोडगेच घातले होते, मागच्या परसात गोवऱ्या धुमसत होत्या. थोड्या वेळानं एक ताट आणि पाण्यानं भरलेला लोटा घेऊन ती माझ्या दारासमोर आली. उंबरठ्याला शिवली नाही. हात लांब करून ताट आत सरकवलं.

मी कायद्यानं विचार केला. शपथ तिच्या छपराखालची होती. रोडगे तिचे, वरण तिचं, पण छप्पर माझं, नानाजीनं ठोकलेलं. शपथेला कुठं धक्का लागत नव्हता. मी लोटा एका दमात रिकामा केला आणि तीन रोडगे वांग्याच्या भाजीसंगं खाल्ले. वच्छला कमरेवर हात ठेवून पाहत होती.

“आतून कच्चे तं नाई न, बाई?”

“शिजले,” मी म्हटलं. हे एवढं म्हणायला मला दोन वर्षं लागली.

“पोट भरलं?”

“भरलं. अन् शब्दबी राह्यला. माया घरात बसून जेवली मी.”

“जेवली खरी,” वच्छला म्हणाली. “आता बाहीर येऊन वर पाय.”

मी बाहेर आले. वर पाहिलं. माझ्या पत्र्यावर तुराट्यांचं छप्पर होतं. डाव्या हाताला आमचे दोन बैल, उजव्या हाताला वच्छलाची म्हैस, ती माझ्या घराची तट्टी चाटत होती. बाप्यांनी माझं घर ढकलत ढकलत पुंजाजीच्या गोठ्यात नेऊन ठेवलं होतं.

“तुमाले माहीत होतं?” मी ह्यांना विचारलं.

“तू म्हनली सावलीत घ्या,” हे म्हणाले. “आवारात दुसरी सावली नोहती.”

वच्छला तोंडाला पदर लावून खाली बसली होती. हसत होती का रडत होती, ते तिलाही सांगता आलं नसतं. माझाही राग फार टिकला नाही. शेजारच्या दोघी बाया कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्यावर तर मी पत्र पहिल्यापासून पुन्हा वाचलं, यावेळी ओट्यावर बसून. शपथ मोडलीच होती, मग चहाही घेतला.

निघायची वेळ आली तेव्हा घर निघेना. धुरा खाली ठेवली तेव्हा मागची बाजू वर उचलली गेली होती, गोठ्याची एक मेढ, म्हणजे छपराचा खांब, निखळली होती, आणि आता वच्छलाचं सगळं छप्पर माझ्या छपरावर टेकलेलं होतं. ह्यांनी उकिडवं बसून पाऊण तास त्याच्याकडं पाहिलं. “बंडी ओढली तं गोठा पडते,” असा तीस वर्षांच्या अनुभवाचा निकाल दिला. तूर निघाल्यावर नवीन मेढ घालू, असं ठरलं. बैल पुंजाजी नंतर आणून देणार होता. आम्ही दोघं बसनं परत आलो. दीड तास लागला.

त्यानंतर पाच वेळा तूर निघाली. माणिक परत आला, त्यानं गोठ्यात उभं राहून माझ्या कॅरॅव्हॅनचा फोटो काढला आणि साहेबाला पाठवला. मेढ अजून कोणी घातलेली नाही. घरात वच्छलाची बकरी व्यायली, आता तिची दोन पिल्लं उंबरठ्यावरून उड्या मारतात. पाटी तशीच आहे. फक्त “मु. पो.” च्या पुढची कोरी जागा पुंजाजीनं खडूनं भरली आहे, सहीपुरत्या अक्षरात: “आसेगाव, गोठा.” येणाऱ्या-जाणाऱ्याला वच्छला बोट दाखवून सांगते, “हे आमच्या बाईचं घर,” आणि लोक बकरीकडं पाहून मान हलवतात. मला नाही म्हणता येत नाही. वरची ओळ माझ्याच अक्षरात आहे.