एकशे वीस अक्षरांत बाबा

काम दहा मिनिटांचं होतं. देवश्रीने आईला तसंच सांगितलं.

"साइटवर लिहून टाकते. साधी सूचना आहे, त्यांना एक आकडा बदलायचाय. संध्याकाळपर्यंत होऊन जाईल."

देवश्री ओगले पंधरा वर्षं एका संशोधन संस्थेत ग्रंथपाल होती. चाळीस हजार पुस्तकांतलं कुठलंही पुस्तक ती न अडखळता काढून देई. तिच्यासमोर एका आकड्याची काय कथा.

नयनाबाईंनी मान वर केली नाही. "तुझे बाबाही असंच म्हणायचे. मग पंखा चार दिवस जमिनीवर असायचा."

बाबांना जाऊन पाच दिवस झाले होते. सोमवारी सकाळी चहाचा कप हातात धरून ते खुर्चीत बसले आणि कप रिकामा व्हायच्या आत गेले. नयनाबाई रडल्या नाहीत. त्यांनी एकच गोष्ट मागितली होती: तेराव्याला रघुजी आले पाहिजेत. रघुजी म्हणजे बाबांचे चाळीस वर्षांचे मित्र, चिकपेटातले साड्यांचे व्यापारी. दोन वर्षांपूर्वी दुकान विकून ते मुलाच्या फ्लॅटवर राहायला गेले. फ्लॅट कुठे, ते ओगल्यांच्या घरात फक्त बाबांना ठाऊक होतं. वहीतला फोन नंबर जुन्या दुकानाचा निघाला. रघुजी रोज पहाटे चिकपेटमागच्या भवानीच्या देवळात जातात आणि दर्शन झालं की तिथला फळा वाचतात, एवढं मात्र नक्की माहीत होतं.

या फळ्याचं थोडं सांगायला हवं. अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. बेंगळुरातल्या जुन्या मराठी घराण्यांनी आणि नोकरीसाठी इकडे आलेल्या आमच्यासारख्यांनी मिळून 'मैत्रवेल' नावाची एक वेबसाइट काढली होती. सभासदांच्या बातम्या तिच्यावर जमत. त्या सगळ्या एका ईमेलमध्ये भरून रोज घरोघर जात. ईमेलचं नाव 'आनंदवार्ता'. पण पाचशे सभासदांपैकी चारशे जणांकडे कॉम्प्युटरच नव्हता. म्हणून तीच ईमेल छापून देवळाच्या फळ्यावर लावत. ती एका कागदावर मावावी यासाठी प्रत्येक बातमीची फक्त पहिली एकशे वीस अक्षरं घेतली जात. शेवटी तीन टिंबं आणि 'पुढे वाचण्यासाठी इथे टिचकी मारा'.

कागदावर टिचकी मारून पुढचं कसं वाचायचं, हा प्रश्न कोणाला पडला नव्हता.

बाबांची बातमी चिटणीस प्रमोदिनीबाईंनी स्वतः लिहिली होती. मनापासून लिहिली होती. बुधवारी फळ्यावर लागली ती अशी:

'मैत्रवेलचे ज्येष्ठ सदस्य, निवृत्त उपमुख्य अभियंता, श्री. दामोदर ओगले यांचे यशवंतपूर येथील राहत्या घरी...'

निधन तेवढं टिंबांच्या पलीकडे राहिलं.

गुरुवारपासून फोन सुरू झाले. पहिल्या बाईंनी विचारलं, पंचाहत्तरी का? दुसऱ्या गृहस्थांनी वरचा मजला चढवल्याबद्दल अभिनंदन केलं आणि सिमेंट कुठलं घेतलं ते विचारलं. देवश्री प्रत्येकाला शांतपणे सांगे, "बाबा वारले." मग पलीकडून "अरेरे" येई, आणि नंतर, "पण फळ्यावर तर..." अकराव्या फोनला तिचा आवाज शांतच होता, पण रिसीव्हर ठेवताना टेबलावरचं पेनस्टँड आडवं झालं.

रघुजींचा फोन आला नाही.

"मी जाते देवळात," ती म्हणाली. "पेनने लिहून येते खाली."

"सुतकात देवळात?" नयनाबाई म्हणाल्या. "तेरा दिवस त्या गल्लीत पाऊल टाकायचं नाही. तुझं हे जे काही आहे, ते त्या मशीनवरून कर."

म्हणून ती सूचना. देवश्रीने साइटवरचा 'सूचना व विनंती' हा अर्ज उघडला. नाव, वय, वैवाहिक स्थिती, व्यवसाय हे रकाने भरल्याशिवाय तो पुढे सरकेना. तिने भरले. मग तिने फार संयमाने चार परिच्छेद लिहिले. आनंदवार्तेत बातमी पूर्ण छापावी; ते जमत नसेल तर एकशे वीसऐवजी तीनशे अक्षरं घ्यावीत; निधनाची बातमी तरी अर्धवट कापू नये. एकही कडू शब्द नाही. पाठवून तिने हात झटकले.

सूचनाही आनंदवार्तेतच छापायची पद्धत होती, हे तिला शनिवारी कळलं:

'विनंती. कु. देवश्री दामोदर ओगले, वय ३८, अविवाहित, ग्रंथपाल, सर्व सभासदांना नम्र विनंती करते की आपण...'

रविवारी तीन स्थळं आली.

दोन फोनवर आली, तिसरं प्रत्यक्ष. येलहंक्याहून हवाई दलातले एक निवृत्त विधुर बहिणीला घेऊन दारात उभे राहिले. बहिणीच्या हातात मिठाईचा पुडा होता. दारातून हार घातलेला फोटो दिसताच ते गृहस्थ खाडकन पायांना पाय जुळवून ताठ उभे राहिले. बहिणीने पुडा पदराआड घेतला, मग काय करावं न सुचून पुन्हा पुढे केला.

"आम्ही नंतर येऊ," ती म्हणाली. "वर्षाच्या आत करतात म्हणा, कन्यादानाचं पुण्य..."

"येऊ नका," देवश्री म्हणाली.

ते गेल्यावर नयनाबाई म्हणाल्या, "माणूस बरा होता. उभा कसा राहिला बघितलंस?"

"आई."

"मी कुठे काय म्हणाले?"

सोमवारी तिने साइट चालवणाऱ्या गिरीराजला फोन लावला. हा तिशीतला इंजिनियर. घराणं तीनशे वर्षांपासून इथलं, बोलणं निम्मं मराठी आणि निम्मं शेजाऱ्यांचं कन्नड.

"अक्का, वाचलं मी तुमचं. पूर्ण वाचलं. करेक्ट आहे तुमचं."

"मग बदल ना."

"एक आकडा, अक्का. एकशे वीस पुसून तीनशे टाकायचं. बसल्या बसल्या होतंय."

"मग?"

"स्वल्प प्रॉब्लेम आहे. तीनशे केलं तर कागद दोन होतात. रोजचा कागद काचेच्या वरच्या फटीतून सरकवतो, तिथे एकच मावतो. काचेची किल्ली अध्यक्षांकडे."

"काच उघडू नकोस. आकडा बदल."

"अध्यक्षांनी 'सरी, कर' म्हटलं की लगेच, अक्का. मागे मी न विचारता अक्षर मोठं केलं होतं, त्यावर तीन मीटिंगा झाल्या."

अध्यक्ष मल्हारराव हे फोनवरसुद्धा उभे राहून बोलत असावेत, असा त्यांचा आवाज होता.

"ताई, तुमची सूचना अत्यंत मौलिक आहे. मी कार्यकारिणीपुढे ठेवतो. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी. आपण निमंत्रित म्हणून यावं."

"शनिवारी तेरावा आहे. त्याच्या आत रघुजींना कळायला हवं."

"रघुजींना कळलं नाही? फळ्यावर होतं की."

देवश्रीने डोळे मिटले. "मल्हारराव, फळ्यावर 'राहत्या घरी' एवढंच होतं."

"तेच म्हणतो मी. राहत्या घरी म्हटल्यावर समजायचं ते समजतंच माणूस."

"तुम्हाला काय समजलं होतं?"

"मला आधी पंचाहत्तरी वाटली," मल्हारराव म्हणाले. "पण मी चौकशी केली ना."

"तुम्ही स्वतः रघुजींना सांगाल?"

"अवश्य. पण मी सध्या हुबळीला आहे, पुतणीच्या लग्नात. शनिवारी सकाळच्या गाडीने येतोय."

मंगळवारी देवश्रीने ठरवलं, नियमच वाकत नसेल तर आपण त्यात बसायचं. एकशे वीस अक्षरं म्हणजे काही कमी नाहीत. आयुष्यभर तिने इतरांची लांबलेली वाक्यं वाचली होती; छोटं वाक्य कसं लिहितात हे तिला शिकवायला नको होतं. तिने लिहिलं:

'दामोदर ओगले वारले. तेरावा शनिवारी दुपारी, घरी. रघुजी, अवश्य या.'

कापायला काही उरलंच नव्हतं. बाबा असते तर त्यांनी तपासून म्हटलं असतं, यात एकही स्क्रू जास्तीचा नाही. तिने ते पाठवलं आणि नऊ दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवली.

गुरुवारच्या आनंदवार्तेत आलं:

'सप्रेम नमस्कार. श्री. दामोदर ओगले यांच्या यशवंतपूर येथील घरी शनिवारी दुपारी १२ वाजता भोजनास अवश्य यावे. निमित्त...'

देवश्रीने चिटणीसांना फोन लावला.

"प्रमोदिनीबाई, मी काय लिहिलं होतं?"

"पाहिलं मी. अगं, किती कोरडं. 'वारले' हा पहिल्या ओळीतला शब्द? पहाटे देवीचं दर्शन घेऊन माणसं फळ्याकडे येतात, आणि समोर हे? म्हणून मी स्वल्प नीट करून घेतलं. शुभ तेवढं आधी, बाकीचं मागे. सगळं आहे त्यात, एक शब्द गाळला नाही हो. उलट वैकुंठवासी घातलंय."

"कुठे घातलंय?"

"निमित्तच्या पुढे."

"निमित्तच्या पुढे टिंबं आहेत."

"टिचकी मारली की दिसतं."

"काचेवर?" देवश्री म्हणाली. "काचेवर टिचकी मारायची, प्रमोदिनीबाई? माझा बाप मेलाय. गेले दहा दिवस मी एवढंच एक वाक्य चार माणसांपर्यंत पोहोचवायला धडपडतेय आणि तुम्ही त्याला पंचाहत्तरी करता, इमारत करता, माझं लग्न ठरवता, आता जेवणावळ करता. खाली पेनने लिहा. आत्ता. 'मेले' असं लिहा."

"फळ्यावर हाताने लिहायला बंदी आहे गं," प्रमोदिनीबाई अगदी बारीक आवाजात म्हणाल्या. "मागच्या निवडणुकीत कोणीतरी काहीबाही लिहिलं होतं. आणि किल्ली हुबळीला आहे."

"मग रघुजींना गाठून सांगा."

"ते पहाटे सहाला येऊन जातात. मला बस अकराची."

शनिवारी पंचवीस पानांचा स्वयंपाक होता. विधी करायला धारवाडहून आलेला चुलतभाऊ सकाळपासून पाटावर होता. साडेअकराला पहिली रिक्षा थांबली. तिच्यातून भरजरी साडी नेसलेल्या दोन बायका उतरल्या. मग एक मेटॅडोर आली. मग रिक्षांची रांगच लागली. देवश्री दारात उभी राहिली आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला तेच दोन शब्द सांगू लागली. माणसं हसत पायरी चढत, तिच्याजवळ येऊन थांबत आणि हातातलं पाकीट कुठे लपवावं ते न कळून कावरीबावरी होत. व्हरांड्याच्या कोपऱ्यात भेटींचा ढीग झाला: तीन भिंतीवरची घड्याळं, एक स्टीलचा डबा, चंदनाचा गणपती, आणि 'अमृतमहोत्सवी शुभेच्छा' असं कोरून आणलेली एक फ्रेम. येलहंक्याचे विधुरही आले होते. त्यांनी काही आणलं नव्हतं. ते सरळ मागच्या दारी गेले आणि पाण्याची पिंपं भरू लागले. ते तेवढे एकटे नेमके तेराव्याला आले होते.

चुलतभावाने माणसं मोजली. सदुसष्ट. नयनाबाईंनी भात पुन्हा टाकायला सांगितला.

बारा वाजायला आले आणि रघुजी आले. पांढरा फेटा, इस्त्रीचा कोट, हातात गुलाबी कागदात बांधलेली शाल. पायरीवरूनच ते मोठ्याने म्हणाले, "कुठे आहे तो? फळ्यावरून बोलावतो मला? चाळीस वर्षांच्या दोस्ताला? मी रागावून येणारच नव्हतो, सांगा त्याला."

आतापर्यंत देवश्रीने ते दोन शब्द साठ वेळा उच्चारले होते. एकसष्टाव्या वेळी ते बाहेर येईनात. तिने फक्त दारातून बाजूला होऊन वाट दिली.

रघुजींना फोटो दिसला. ते थांबले. मग हळूच विचारलं, "कधी?"

"गेल्या सोमवारच्या आधीच्या सोमवारी."

"मी रोज वाचतो गं फळा," रघुजी म्हणाले. "एक दिवस चुकवला नाही."

त्यांनी गुलाबी कागद सोडला, शाल उलगडली आणि फोटोसमोर नीट चौकोनी घडी करून ठेवली. मग ते नयनाबाईंच्या शेजारी जमिनीवर बसले. नयनाबाई तेरा दिवसांत पहिल्यांदा रडल्या, आणि रघुजी तिथेच बसून राहिले. देवश्रीला वाटलं, संपलं. आता काही बदललं नाही तरी चालेल.

पण मल्हारराव स्टेशनवरून थेट आले होते, आणि पंगत उठायच्या आत दोन शब्द बोलल्याशिवाय ते जाणार नव्हते. त्यांनी कोटाची बटणं लावली. ओगल्यांच्या सचोटीबद्दल बोलले. मग त्यांनी भरलेल्या व्हरांड्यावरून नजर फिरवली.

"ओगलेसाहेबांच्या कन्येने आनंदवार्तेत बदल सुचवला होता. मोकळेपणाने सांगतो, मीही विचारात पडलो होतो. परंतु आज इथे काय दिसतंय? येलहंक्यापासून चिकपेटपर्यंतचा माणूस हजर आहे. गेल्या वर्षी, हाताने लिहायच्या बंदीआधी, आमच्या वडील बंधूंच्या तेराव्याला पूर्ण बातमी हाताने लिहून लावली होती. किती आले? नऊ. एकशे वीस अक्षरांत सदुसष्ट आले. आता ताईंनीच सांगावं, बदल करायचा का?"

सगळे देवश्रीकडे वळले. तिच्या हातात वाढायची पळी होती, आणि डोक्यात आठवडाभर तयार केलेली उत्तरं होती, एकाहून एक धारदार. तिने सदुसष्ट माणसांकडे पाहिलं. रघुजी दुसऱ्यांदा भात मागत होते.

तिने त्यांना भात वाढला.