फुली वरच हवी

आमच्या खांदेश्वरच्या सोसायटीत भिंतीला खिळा ठोकायचा तर सेक्रेटरीच्या आधी तिसऱ्या मजल्यावरच्या कांबळेकाकांना विचारावं लागतं. काकांच्या घरात पालीची अंडी उबत असतात. हादरा बसता कामा नये!

आपण झाडूनं हाकलतो त्या पाली नव्हेत. पिवळ्या, ठिपकेवाल्या, हौसेनं विकत आणलेली एक जोडी. रबाळ्याच्या कारखान्यात जन्मभर भट्टी सांभाळून काका निवृत्त झाले आणि थर्माकोलच्या खोक्यात बल्ब लावून अंडी उबवू लागले. बायको गेली, मुलगी सासरी. घरात काका, पाली आणि पावसाळ्यापासून अंथरूण धरलेली आई. काहीही विचारा, काका म्हणणार, "तापमान बघावं लागेल." माझ्या मुलीला आलेल्या स्थळाबद्दल विचारलं, तरी तेच. मी कपाळाला हात लावला.

अंडं घातलं की काका त्यावर पेन्सिलीनं फुली मारतात. "फुली वर म्हंजे वरच. पालीचं अंडं उलटं झालं का आतलं पिल्लू मेलं. कोंबडीचं येगळं."

मादी आता म्हातारी. यंदाची दोन अंडी शेवटची, असं काका म्हणायचे आणि दिवसभर खोक्याभोवती घुटमळायचे. एका सकाळी मी पेपर मागायला गेलो, तर खोक्यापाशी काकांची आई बसलेली! भिंत धरधरून तिथवर आली होती. चिपळूणकडच्या गावात तिनं आयुष्यभर खुडूक कोंबड्या अंड्यांवर बसवलेल्या. कित्येक दिवसांनी ती हसत होती.

"अंडी फिरवली मी," ती काकांना म्हणाली. "ऊब सगळीकडनं लागाया नको? तुज्या मशीनला काय कळतंय?"

दोन्ही फुल्या खाली गेल्या होत्या. आता काका भडकणार म्हणून मी दारातच थबकलो.

"बरं केलंस, आये," काका म्हणाले. "माज्या ध्यानातच नव्हतं."

आठवड्याभरात अंडी पिचकली. काकांनी ती तुळशीच्या कुंडीत पुरली. मला फार वाईट वाटलं.

"खोकं वर कपाटात ठेवायचं होतं हो," मी म्हणालो.

"ती उठली ना पन," काका म्हणाले.

हल्ली त्या खोक्यात बाजारातली गावठी अंडी असतात. शिळी झाली की काका गुपचूप बदलतात. आईला ती पहिल्यापासून कोंबडीचीच वाटत होती; बदललेली तिच्या अंधुक डोळ्यांना कळत नाहीत. ती रोज भिंत धरत येते, एकेक अंडं फिरवते आणि विचारते, "कवा निघतील रं पिल्लं?"

"थंडी हाय, आये. फिरवत ऱ्हा तू."