राऊतकाकांचा पाचवा ‘का’

चहा थंड आला, तर आमच्या कारखान्यात बाकीचे लोक तो मुकाट्याने पितात. राऊतकाका त्याची चौकशी करतात.

“थंड का?” किटलीला झाकण नाही. “झाकण का नाय?” शेठच्या केबिनमधल्या पूजेला नेलं, ते आलंच नाही. असे पाच ‘का’ झाल्याशिवाय ते कप तोंडाला लावत नाहीत. तोवर आमचाही थंड होतो.

बोईसरला आम्ही रबरी वायसर बनवतो. एका मोठ्या गिऱ्हाइकाला दर्जाचं सर्टिफिकेट हवं होतं, म्हणून शेठनी सल्लागार बोलावला. चूक झाली की माणूस धरू नका, पाच वेळा ‘का’ विचारून मूळ शोधा, असं तो सांगून गेला. आम्हाला त्या दिवशीचं जेवण तेवढं आठवतं. शिरगावचे राऊतकाका आमच्याकडे क्वालिटी बघतात. त्यांनी ते ‘का’ मनावर घेतले. सर्टिफिकेट भिंतीवर गेलं आणि ताप आमच्या डोक्याला राहिला.

मग एकदा वायसरची अख्खी खेप परत आली. कडक झालेले, दाबले की तडकणारे.

“नाव सांगा,” शेठ म्हणाले. “आजच काढतो.”

सगळ्यांनी सुनीताकडे पाहिलं. ती विक्रमगडहून येते, भट्टी सांभाळते, आणि घरात कमावणारी ती एकटीच. ती मान खाली घालून उभी राहिली.

काकांनी सवयीने सुरुवात केली. कडक का? भट्टीत जास्त राहिले. का राहिले? काढायला सुनीता नव्हती. का नव्हती? पॅकिंगला होती. पॅकिंगला का? तिथला माणूस सोडून गेला. आता “नवा का नाय घेतला?” एवढंच उरलं होतं, आणि त्याचं उत्तर समोर खुर्चीत बसलं होतं.

काका थांबले. चष्मा काढून शर्टाला पुसला.

“दोन्हीकडं बघ, असं तिला मीच सांगितलं,” ते म्हणाले. “चूक माजी हाय.”

शेठ त्यांना सगळ्यांदेखत नको नको ते बोलले. सुनीताची नोकरी राहिली.

संध्याकाळी स्टँडवर मला राहवेना. “काका, तिला तिथं शेठनीच बसवलं. तुम्ही तर नको म्हणत होता.”

“शेठला विचारलं असतं, तर त्यांनी चिडून तिलाच काढलं असतं.”

मला त्यांचं फार वाईट वाटत होतं.

“आमची ही होती, तवा तिलाबी मी असाच विचारायचो,” ते म्हणाले. “भाजी खारट का, दार उघडायला उशीर का. बिचारी उत्तरं देत राहायची. शेवटच्या दुखण्यात मात्र काय विचारलं की नुसती मान खाली घालायची. सुनीता आज तशी उभी होती.”