आन्सेल्मो मास्तरांच्या पाठीवरचं बाळ

"अहो, वाका जरा. आणखी वाका. ताठ माणसाच्या पाठीवर मूल बांधता येत नाही," दोमितिला नवऱ्याला म्हणाली.

आन्सेल्मो मास्तर वाकले. सान ब्लासच्या शाळेत पोरांना 'ताठ बसा' सांगण्यात त्यांची हयात गेली होती, त्यामुळे वाकणं त्यांना जड जात होतं. पाठीवर बायकोची लाल शाल होती आणि शालीत बाळ होतं. बाळ म्हणजे पाव. पितरांच्या सणाला कुस्को शहरात घरोघर भाजतात तसाच. बडीशेप घातलेला, मनुकांच्या गुंड्या लावलेला, तोंडाच्या जागी प्लास्टरचा रंगीत मुखवटा बसवलेला. दोमितिलानं हौसेनं तो खऱ्या तान्ह्याएवढा केला होता, एवढंच.

या बाळाचा सणात बाप्तिस्मा करतात. पाद्री खोटा, मंत्र खोटे, सगळे पोट धरून हसतात. पण त्यातून जुळणारं नातं मात्र खरं असतं. बाळाचा बाप आणि बाप्तिस्म्यात बाळाला हातात धरणारा धर्मपिता जन्माचे 'कोंपाद्रे' होतात. कोंपाद्रेशी भांडता येतं, पण अबोला धरता येत नाही. धरलाच, तर सगळं गाव थुंकतं.

आणि मास्तरांचा अबोला होता. रूफिनो शिंप्याशी, म्हणजे लहानपणापासूनच्या मित्राशी. जूनमधल्या उत्सवाच्या जेवणात, तिथं सणाला भाजतात तो गिनी पिग मास्तरांच्या ताटात बघून, रूफिनो चारचौघांत म्हणाला होता, "मास्तर, ताटातला हा गिनी पिग तुझ्या वर्गात होता का रे? वय तेवढंच दिसतंय!" त्या दिवसापासून बोलणं बंद. शेवटी दोघांच्या बायकांनी ठरवलं की बाळ मास्तरांचं आणि धर्मपिता रूफिनो. रूफिनोनं एक अट घातली. मास्तरांनी ते बाळ स्वतःच्या पाठीवर बांधून, भर चौकातून, सान्तो दोमिंगो चर्चच्या मागच्या त्याच्या घरी चालत आणायचं. दुपारी त्याला लेकीकडे पुनोला जायचं होतं. त्याच्या आत आणलं तर ठीक, नाहीतर विषय संपला.

"टॅक्सीनं गेलो तर?" मास्तरांनी विचारलं.

"बसा टॅक्सीत. मग म्हातारपणी एकटेच बसा बाकावर."

मास्तर निघाले. वाट तशी फार नव्हती. उतार, जुन्या भिंतीची गल्ली, मोठा चौक आणि पुढे जरासं. पण उताराच्या निम्म्यावर आभाळ गडगडलं आणि गारा सुरू झाल्या. मास्तरांनी आपली टोपी काढून मागे हात करून बाळाच्या डोक्यावर ठेवली. गारा त्यांच्या टकलावर ताडताड वाजू लागल्या.

"अगंबाई! स्वतः भिजतोय बघा आणि पोराला टोपी!" दारात औषधी वनस्पती विकणारी एक धिप्पाड बाई ओरडली. तिनं टोपलीवरचा निळा प्लास्टिकचा कागद ओढला आणि मास्तरांच्या पाठीवर धरला. "चला बाबा, मी चौकापर्यंत येते. मी फोर्तुनाता. आई कुठंय पोराची?"

मास्तरांनी तोंड उघडलं. 'पाव आहे' म्हटलं असतं, तर कागद परत टोपलीवर गेला असता आणि बाळाची लापशी झाली असती. खोटं बोलणाऱ्या पोरांना ज्यांनी आयुष्यभर भिंतीकडे तोंड करून उभं केलं, ते मास्तर म्हणाले, "घरी."

मग सुरू झालं ते मास्तरांनी कधी पाहिलं नव्हतं. "बाजूला व्हा! तान्हं आहे!" फोर्तुनाता पुढच्यांना हाकारत होती आणि माणसं खरंच बाजूला होत होती. जुन्या भिंतीतल्या त्या नामांकित बारा कोनांच्या दगडापाशी रोज परदेशी लोकांची ही झुंबड असते. मास्तरांना तिथं आजवर कुणी खांदा वळवून वाट दिली नव्हती. आज अख्खी झुंबड भिंतीला चिकटली. आडोशाला दोन हमाल कचाकचा भांडत होते. ते गप्प झाले, आणि मास्तर पुढे गेल्यावर हळू आवाजात भांडू लागले.

वाकून चालत असल्यामुळे मास्तरांना भिंतीचा पाया दिसत होता. 'बघा रे, बघा,' असं पिढ्यान्‌पिढ्या पोरांना सांगताना त्यांनी स्वतः किती वर्षांत तिकडे बघितलं नव्हतं. काळे, ओले, फुगलेले दगड एकमेकांना टेकून असे बसले होते जणू थंडीत झोपलेली भावंडं. गारा त्यांच्यावर आपटत आणि उडून जात. एकही गार सांध्यात अडकत नव्हती. मास्तर क्षणभर थांबले. एवढं जड, आणि एवढं हलक्या हातानं ठेवलेलं! कुणी ठेवलं असेल? त्यांच्याही पाठीवर पोर असेल का?

"दमलात का, बाबा?" फोर्तुनातानं विचारलं. "पोर गुणी आहे हो. हूं की चूं नाही."

"शहाणं आहे," मास्तर म्हणाले. आपल्या आवाजातला अभिमान ऐकून ते स्वतःच दचकले.

चौकात टॅक्सीवाल्यांनी गाड्या थांबवल्या. आणि नेमकं तिथंच फोर्तुनातानं बाळाला नीट पांघरायला शालीत हात घातला. बोटं गालाला लागली.

"देवा! थंडगार पडलंय! कडक झालंय!"

लोक धावले. मास्तरांना कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर बसवलं, शाल सोडली, बाळ कुणाच्या तरी मांडीवर गेलं.

"अहो, पाव आहे तो!" मास्तर ओरडले.

"अरेरे! धक्क्यानं डोकं फिरलं बिचाऱ्याचं."

"शपथेवर सांगतो, काल भाजलाय!"

"धरा रे म्हाताऱ्याला. पाणी द्या."

"बाप्तिस्मा झालाय का पोराचा?" फोर्तुनातानं विचारलं.

या प्रश्नाला खोटं बोलायची मास्तरांची ताकद उरली नव्हती. "नाही. त्यासाठीच निघालो होतो."

गर्दी हळहळली. पोर जात असेल तर पाद्र्याची वाट बघत नाहीत. जवळ असेल त्यानं पाणी ओतायचं आणि नाव घ्यायचं, हे तिथल्या लेकराबाळांनासुद्धा ठाऊक. "मी करतो!" असं म्हणत एक माणूस गर्दी चिरत आला. काखेत बॅग, हातात पाण्याची बाटली, चष्म्यावर गारांचं पाणी. तो गुडघ्यांवर बसला, त्यानं पित्याचं, पुत्राचं, पवित्र आत्म्याचं नाव घेतलं आणि टोपीखालच्या कपाळावर पाणी ओतलं. त्याच्या गालांवरून आसवं घळाघळा वाहत होती. सगळ्या चौकानं टोप्या काढल्या होत्या. गारा थांबल्या होत्या. एवढ्या शांततेत मास्तरांनी तो चौक कधीच पाहिला नव्हता.

त्या शांततेत बाळाची डावी भुवई विरघळली आणि गालावरून खाली आली.

फोर्तुनातानं शाल बाजूला केली. मनुकांच्या गुंड्या. तिनं वाकून वास घेतला.

"बडीशेप," ती म्हणाली.

कुणी हसेना. त्या माणसानं चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला आणि पहिल्यांदा बाळाच्या बापाकडे पाहिलं. तो रूफिनो होता.

मास्तरांच्या हाती आता असं काही आलं होतं, की त्यांनी रूफिनोला मरेपर्यंत चिडवलं असतं. भर चौकात पावासाठी रडला! पण कुणाचं आहे हेही ठाऊक नसलेल्या परक्या पोरासाठी हा असा रडला. जुनी भिंत जशी आज पहिल्यांदा दिसली, तसाच हाही.

"कोंपाद्रे," मास्तर हळूच म्हणाले.

आणि मग चौक हसला. असा हसला, की कबुतरं उडाली. फोर्तुनातानं मास्तरांच्या पाठीत एक धपाटा घातला, आपला कागद घडी करून काखेत मारला, आणि "धर्मपित्यानं उचलायचं असतं!" म्हणत बाळ रूफिनोच्या पाठीवर घट्ट बांधून दिलं.

दोघं लोरेतोच्या गल्लीत शिरले. दोन्हीकडे उंच, ओल्या, जुन्या भिंती.

"बॅग घेऊन कुठं निघाला होतास रे?" मास्तरांनी विचारलं.

"तुलाच शोधायला."

"बॅग घेऊन?"

"तू किती लांब पळाला असशील, मला काय ठाऊक?" रूफिनो म्हणाला. मग जरा वेळानं, "घरी काय सांगायचं? खोटा पाद्री झगा घालून बसलाय, बायकांनी मक्याची आंबवलेली चिचा गाळून ठेवलीय."

"काही सांगायचं नाही. परत करू बाप्तिस्मा."

"एकाच पोराचा दोनदा? पाप लागेल."

"अरे, पाव आहे तो!"

रूफिनो गल्लीच्या मधोमध थांबला. त्यानं मागे हात नेऊन शाल सारखी केली.

"हे बघ मास्तर, तुझं पोर असेल," तो म्हणाला, "पण माझ्या धर्मपुत्राला पाव म्हणायचं काम नाही."

तिथपासून दारापर्यंत दोघे कडाकडा भांडत गेले.