प्रिय निजामभाई,

निजामोद्दीनचं पत्र येऊन दुसरा उन्हाळा लागला, तरी शेषेरावांचं उत्तर गेलं नव्हतं. निजामोद्दीन नांदेडचा बुकबाइंडर. दर उन्हाळ्यात तो बायकोला घेऊन लातूरजवळच्या मुरुडच्या वाचनालयात यायचा. तो खळ लावायचा, रहमतबी पानं शिवायची. शेषेराव तिथले ग्रंथपाल. रहमतबी गेली तेव्हा त्यानं लिहिलं होतं, ‘तिची काही आठवण असेल तर दोन ओळी पाठवा. घरात तिचं नाव कोणी काढत नाही.’

शेषेरावांनी त्याच दिवशी पाकीट आणलं, पत्ता घातला, तिकीट लावलं. आत पत्र तेवढं घालायचं राहिलं. हात थरथरतो म्हणून ते कॉम्प्युटरवर लिहीत. एक वाक्य लिहायचे, त्याखाली ‘हे नको’ असं लिहायचे आणि पुन्हा ‘प्रिय निजामभाई’पासून सुरू करायचे.

मग पाय मोडला आणि ते लातूरला मुलीकडे आले. तिथे निरोप मिळाला: निजामोद्दीन दुकान मोडून रविवारी कायमचा मुलाकडे हैदराबादला चालला. तिथला पत्ता कुणाला ठाऊक नव्हता. फोनवर त्याला ऐकू येत नव्हतं.

“बाबा, नवीन लिहा ना इथंच!” उज्वला म्हणाली.

“सगळं तिकडच्या कॉम्प्युटरात हाय, बाई. मला नव्यानं न्हाई जमायचं.”

उज्वलानं मुरुडच्या शेजारीण तुळजाबाईंना फोन केला. किल्ली त्यांच्याकडे असे. त्यांनी कॉम्प्युटर, प्रिंटर सगळं चालू केलं आणि उज्वलाच्या खटपटीनंतर मुरुडचा पडदा लातुरात टॅबवर उमटला. शेषेरावांनी पत्राची फाइल उघडून मराठीत ‘प्रिय’ लिहिलं. तिकडे नुसती प्रश्नचिन्हं उमटली.

“माझ्या मनातलं बरोबर वळखलं यानं,” ते म्हणाले.

“टॅबवर इंग्रजी कीबोर्ड ठेवा. मराठी तिकडचा कॉम्प्युटर करतोय,” असं सांगून उज्वला ऑफिसला गेली.

शेषेरावांनी इंग्रजी कीबोर्ड काढला. त्यानं अर्धा पडदा झाकला. तो खाली सरकवायला गेले आणि बोट ‘कंट्रोल’वर पडलं. ते बटण निळं झालं. असेल काही, असं म्हणून त्यांनी पी, आर, आय, वाय, ए दाबलं. काहीच उमटलं नाही. ओळ बदलून पाहावी म्हणून एंटर दाबलं. पुन्हा ‘प्रिय’. पुन्हा एंटर. ‘प्रिय’च्या पुढे आपण कधी गेलोच नाही, असं त्यांना वाटलं आणि त्यांनी आणखी एकदा पहिल्यापासून सुरुवात केली.

फोन वाजला. तुळजाबाई होत्या.

“भाऊ, तुमचं मशीन कागद ओकून राहिलंय की!”

“कसले कागद?”

“निजामभाईचं पत्र. सगळे सारखेच. किती वाटता गावात?”

शेषेराव ओरडले, “फाडा ते वैनी! कच्चं हाय ते!”

“आता गं बाई! मी तर एक घातलं पाकिटात. टेबलावर तिकीट लावून ठिवलेलंच व्हतं. पोस्टमन दारातच व्हता, दिलं त्याच्या हातात.”

“त्यात ‘हे नको, हे नको’ लिवलंय सगळीकडं!”

“वाचलं की चष्मा लावून. नको काय आन् पाह्यजे काय, मला कसं कळावं? समदंच दिलं.” कागद चाळल्याचा आवाज आला. “ते शब्दकोशाचं चांगलं हाय बघा, भाऊ. मला रडू आलं.”

शेषेरावांनी फोन ठेवला. शब्दकोशाचं त्यांना नीट आठवत होतं. शब्दकोशाची शिवण उसवली तेव्हा रहमतबीनं तो मांडीवर घेऊन शिवला होता आणि दात लावून दोरा तोडत म्हणाली होती, “धागा दिखना नै भाईसाब, किताब टिकना.” हे लिहून त्याखाली त्यांनीच लिहिलं होतं: ‘हे नको. फार लहान वाटतं.’

संध्याकाळी उज्वला आली. तिनं टॅब पाहिला आणि कपाळाला हात लावला. “बाबा, कंट्रोल दाबलेलाच राहिलाय! त्याच्यासंगं पी म्हणजे छापायचा हुकूम. विचारायची चौकट कीबोर्डाखाली झाकली गेली असंल, अन् तुम्ही वरून एंटर दाबला.” तिनं निळं बटण सोडवलं. “हं, आता लिहा.”

शेषेरावांनी एकेक बटण दाबलं. मुरुडच्या पडद्यावर स्वच्छ उमटलं: प्रिय निजामभाई,

त्यांनी ते बराच वेळ पाहिलं. पत्र तर मघाशीच गेलं होतं.