नानांचा दुसरा रुमाल

नाना लेले यांच्या खिशात नेहमी दोन रुमाल असत. एक तोंड पुसण्याचा, दुसरा जागा धरण्याचा. त्या दुसऱ्याने त्यांनी कधी घाम टिपला नाही. कीर्तन असो, सभा असो वा लग्नाची पंगत, नाना प्रथम शेजारच्या जागेवर तो अंथरीत आणि जाहीर करीत, "विष्णू येतोय."

विष्णू म्हणजे ठाकुर्लीचे विष्णुपंत, नानांचे बालमित्र. ते कधी वेळेवर आल्याचे आमच्या डोंबिवलीत कोणास स्मरत नाही.

मी कल्याणच्या कोर्टात शिरस्तेदारीत आयुष्य घालवलेला मनुष्य. "रुमालाने कब्जा सिद्ध होत नाही, नाना," असे मी अनेकदा बजावले.

"कायदा तुमचा, शिरस्तेदार, रुमाल माझा," हे त्यांचे ठरलेले उत्तर.

त्या सुमारास कल्याणच्या थिएटरात दोन मित्रांचा एक विनोदी चित्रपट लागायचा होता. त्यातला एक मित्र मंत्री होतो, दुसरा त्याचा पट्टेवाला. सत्ताधारी पक्षाच्या स्थानिक मंडळींनी तो पाहण्यापूर्वीच पुढाऱ्यांचा अपमान झाल्याचे ठरवले आणि बंदी मागितली. माझा संताप अनावर झाला. सरकारी मंडळाने संमत केलेला चित्रपट ही चार टोपीवाली माणसे कोणत्या कलमाखाली अडवणार? मी कलेक्टरांना पत्रांमागून पत्रे धाडली. नानांनी माझ्या अर्जावर सही केली. विष्णुपंत मात्र पक्षाचे जुने कार्यकर्ते. निदर्शनात सर्वांत पुढे.

माझ्याच ओट्यावर दोघांची जुंपली.

"नान्या, त्या थेरांना गेलास तर माझ्या दारात पाऊल टाकायचं नाही!"

"जाणार! आणि तुझी जागाही धरणार!"

"धर. मी मेलो तरी यायचो नाही."

बंदी आली नाही. पहिल्याच खेळाला नाना आणि मी गेलो. सांगण्यास खेद होतो, की ज्याच्यासाठी मी एवढी शाई आटवली तो चित्रपट निव्वळ भिकार निघाला. मंत्र्याच्या धोतरात पट्टेवाला पुनःपुन्हा अडखळतो, संपला विनोद. अपमान करायलाही अक्कल लागते, ती त्यात औषधालाही नव्हती. याच्यापायी जन्माची मैत्री तुटावी! मध्यंतरापर्यंत निम्मे लोक उठून गेले.

पंख्याखालच्या खुर्चीवर नानांचा रुमाल होता. विष्णुपंतांना घाम फार.

"अहो, थिएटर रिकामं पडलंय. आता तरी उचला."

"उशिराच येतो तो," नाना म्हणाले. दार करकरले की त्यांची मान वळे.

मध्यंतरानंतर एक गृहस्थ वाऱ्याच्या आशेने त्या खुर्चीपाशी येऊन उभे राहिले. नाना आपले ठरलेले वाक्य उच्चारतील म्हणून मी थांबलो. पण त्यांचा हात हळूच रुमाल उचलायला गेला. मी तो हात धरला.

"ही जागा धरलेली आहे," मी म्हणालो.

"कोणी? इथं तर कोणी दिसत नाही."

"रुमाल दिसतो ना? कायद्याने तेवढं पुरे आहे."