माशांचा ऐवज

खैरनार अण्णांकडे गेलं की चहाच्या आधी काचेच्या ग्लासातून पाणी यायचं. ते प्यायचं नसायचं. उजेडाकडे धरायचं, आत काय तरंगतंय ते बघायचं आणि मत द्यायचं. मत दिल्याशिवाय चहा नाही. एकदा एक विमा एजंट भर उन्हातून सायकल हाणत आला. त्या बिचाऱ्याने ग्लास घेतला आणि घटाघटा संपवला. अण्णांनी त्याच्या तोंडाकडे निरखून बघितलं आणि विचारलं, "चव कशी वाटली? आमच्या माशांचं आहे." एजंट त्या गल्लीत पुन्हा दिसला नाही.

हे पाणी अण्णांच्या परसातल्या टाकीचं. टाकी म्हटलेलं त्यांना खपत नसे. "टाकी गच्चीवर असते, मास्तर. ही सिस्टीम हाय." सिस्टीम म्हणजे विटा-सिमेंटचा एक हौद, त्यात चाळीसेक चिलापी मासे, शेजारी लोखंडी घोड्यावर खडी भरलेले ट्रे आणि खडीत मेथी, कोथिंबीर, पुदिना. माशांचं पाणी पंपाने वर जाणार, भाजी त्यातलं खत खाणार, स्वच्छ पाणी परत हौदात येणार. ऐकायला झकास. घोडं एकाच ठिकाणी अडायचं, माशांच्या शीपाशी. ती खडीत जाऊन बसली की ट्रे तुंबायचे, मुळं सडायची आणि वास भिंत ओलांडून थेट आमच्या स्वयंपाकघरात. म्हणून पाणी वर चढायच्या आधीच ती शी वेगळी काढणारा फिल्टर हवा होता. तो अण्णा घरीच बनवत होते. सात महिने!

'शी' हा शब्दही त्यांना चालत नसे. "ऐवज म्हणा, मास्तर. गुलाबाला घाला, मग कळंल." सकाळी मी पोह्यांचा पहिला घास तोंडाशी नेला की कंपाउंडच्या भिंतीवरून त्यांचं डोकं वर येणार आणि बातमी देणार, "आज ऐवज बरा जमलाय." शाळेत मी तीस वर्षं पोरांना गप्प बसवलं, पण या माणसाला गप्प बसवणं मला जमलं नाही.

अण्णा मूळचे सटाण्याकडचे. सातपूरच्या एका कारखान्यात फिटर म्हणून जन्म घालवला आणि नव्व्याण्णव साली निवृत्त झाले. माणूस पाइपाशी तासन् तास बोलेल, पण माणसांशी दोन वाक्यं. मुलगा नितीन ऑस्ट्रेलियात. दर रविवारी सकाळी दहाला त्याचा फोन यायचा. अण्णा उचलायचे, "हां. बरंय. तू बराय ना? आईला देतो." झालं. घड्याळ लावून बघितलं असतं तर मिनिटसुद्धा भरलं नसतं. पुढचा अर्धा तास ताराकाकू बोलायच्या आणि अण्णा शेजारी उभे राहून फोनच्या वायरचा पीळ सोडवायचे.

मग दोन हजार सहाच्या सुमारास नितीनने तिकडे आपल्या बंगल्यामागे हे मासे-भाजीचं खूळ सुरू केलं आणि फोटो माझ्या ईमेलवर पाठवले. मी ते छापून अण्णांना नेऊन दिले. अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद डोळ्यांजवळ धरला आणि कडाडले, "अरे, पोराने पाइप उलटा जोडलाय!" त्या रविवारी ते फोनवर नितीनला पाइप कसा जोडायचा ते सांगत होते. चाळीस मिनिटं! काकू हात पुढे करून उभ्या होत्या, पण फोन काही मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी अण्णांनी परसात हौद खणायला घेतला.

तेव्हापासून रविवार म्हणजे फिल्टरवार. नितीनचा फिल्टर दोन आठवड्यांत चालू झाला, अण्णांचा होईना. भद्रकालीतल्या भंगारवाल्याकडून त्यांनी निळं प्लास्टिकचं पिंप आणलं. पाणी पिंपात आडवं सोडायचं, ते गोल फिरत शांत होणार, ऐवज तळाशी बसणार आणि खालचा कॉक उघडला की बाहेर. पण पंपाला जोर इतका की पिंपात भोवराच उठला, तळचं सगळं वर आलं आणि मेथीवर जाऊन बसलं. मेथी गेली.

नितीनने फोनवर तोड सांगितली. मधोमध एक रुंद नळकांडं उभं टांगायचं आणि पाणी त्यात सोडायचं, म्हणजे जोर मोडतो. अण्णांनी घरभर नजर फिरवली आणि काकूंच्या लग्नातली स्टीलची घागर उचलली. बूड कापलं, गळा कापला, उरलेली पिंपात टांगली. घागरीवर माहेरचं नाव कोरलेलं होतं ते नेमकं वर राहिलं, त्यामुळे काकूंना ते पिंपाच्या काठावरून व्यवस्थित वाचता आलं. त्या दिवशी आमच्याकडे आल्या त्या तणतणतच. "नितीन तान्हा असताना या माणसाने एकदा त्याचं दुपटं बदललं नाही हो! मूत लागेल म्हणून लांबून बघायचे. आणि आता माशांची शी काढतायत, माझ्या माहेरच्या घागरीतून!"

घागरीने काम मात्र केलं. तळाला ऐवज बसायला लागला. बारीक कचऱ्यासाठी पुढच्या बादलीत अण्णांनी जुनी मच्छरदाणी आणि डझनभर नायलॉनच्या घासण्या कोंबल्या. पाणी नितळ व्हायला लागलं आणि तेवढ्यात दर सोमवारी फिल्टर तुंबायला लागला. सोमवारीच! अण्णा चक्रावले. लोडशेडिंगचं वेळापत्रक तपासलं, पंप खोलला, मासे मोजले. रविवारच्या फोनवर बापलेकांनी तासभर काथ्याकूट केला.

शेवटी चोर मीच पकडला, आणि चोर निघाली आमची ही. कॉलनीतल्या बायकांना कुणा गुरुजीने सांगितलं होतं की सोमवारी माशांना कणकेच्या गोळ्या घाला, ग्रहपीडा टळते. एरवी त्यासाठी गंगेवर रामकुंडाशी जावं लागतं, रिक्षा, गर्दी, धक्काबुक्की. इथे मासे भिंतीपलीकडे! अण्णा सकाळी दुधाला गेले की आठ-दहा बायका मागच्या फाटकातून यायच्या, एकशे आठ गोळ्या मोजून टाकायच्या आणि नमस्कार करून जायच्या. एकीच्या एकशे आठ, मग दहाजणींच्या किती ते तुम्हीच बघा. मासे खाऊन खाऊन टुम्म झालेले, आणि उरलेली कणीक घासण्यांत जाऊन खळ झालेली.

मी म्हटलं, "अगं, आधी मला सांगायचंस तरी!" तर म्हणते, "तुमच्याच साडेसातीसाठी घालत होते."

अण्णांनी फाटकावर पाटी लावली, 'पुण्य तुम्हाला, ऐवज आम्हाला. कृपया कणीक टाकू नये.' बायका आठवडाभर रुसल्या. मग अण्णांनी बादलीत घासण्यांच्या खाली वाळू-खडीचे थर दिले, कॉक मोठा बसवला, आणि एका शुक्रवारी मला हाक मारली. ग्लास उजेडाकडे धरला. त्यातून समोरच्या घराच्या पाटीवरचं नाव वाचता येत होतं. मेथी वीतभर वर आली होती. अण्णांनी घरोघरी पेढे वाटले, रुसलेल्या बायकांच्या घरीसुद्धा. "झाली सिस्टीम!" प्रत्येक दारात हेच.

त्या रविवारी दहा वाजता मी मुद्दाम तिथेच होतो. फोन आला. "नितीन, झाला रे! पाणी काचेसारखं. कुठं गळत नाय, तुंबत नाय." पलीकडून तो ओरडलेला मलाही ऐकू आला. अण्णा हसले. मग थांबले. "हां... नाय, काहीच नाय. सगळं ओके. पंप? पंप मस्त चाललाय." पुन्हा थांबले. "बरंय. आईला देतो."

पुढच्या रविवारी तसंच, त्याच्या पुढच्याही. भिंतीवरून अण्णांचं डोकं येईना. सकाळचे पोहे आता शांतपणे खाता यायचे, आणि खरं सांगतो, बेचव लागायचे. भेटले की विचारायचो, "काय म्हणतोय ऐवज?" म्हणायचे, "चाललंय." पाइपाला हात लावायचं कारणच उरलं नव्हतं त्यांना.

चौथ्या रविवारी पावणेदहाला भिंतीपलीकडे पान्ह्याचा आवाज आला. मी गेलो. अण्णा पिंपापाशी उकिडवे बसून कॉकच्या खालचा जोड सैल करत होते.

"गळतंय काय?"

"नाय."

"तुंबलंय?"

"नाय हो."

"मग चांगल्या चाललेल्याला हात कशाला लावताय?"

अण्णांनी मान वर केली नाही. म्हणाले, "माशांना काय होत नाय, मास्तर. दोन दिवस पाणी गढूळ राहील, एवढंच." मग पान्हा खाली ठेवला. "सगळं चांगलं चाललंय म्हटलं की तो म्हणतो, व्हेरी गुड अण्णा, आईला द्या. पोर आहे माझं. मला दुसरं काय बोलताच येत नाय त्याच्याशी."

मला खूप काही बोलावंसं वाटलं. तब्येत विचारा, नातवाची शाळा विचारा, हवा कशी आहे ते विचारा. पण मी तरी माझ्या लेकीला फोनवर काय विचारतो? 'जेवलीस का' याच्या पुढे माझी गाडी कधी गेली आहे? मी पँट वर ओढली आणि त्यांच्या शेजारी बसलो.

जोड निघाला आणि तपकिरी पाण्याची धार सुटली. तेवढ्यात आत फोन वाजला. अण्णा गडबडले. त्यांनी माझा हात धरला, माझा अंगठा पाइपच्या तोंडावर दाबून बसवला आणि धोतराला हात पुसत आत धावले.

"अरे नितीन, घोटाळा झालाय! जोडच सुटला ना! थांब, सांगतो, कागद घे..."

आतून काकूंचा आवाज आला, "मला कधी देणार?" आणि अण्णांचा, "थांब गं, महत्त्वाचं चाललंय!"

ऐवजाचं पाणी माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं, वास म्हणाल तर विचारू नका. गुडघे आखडले. अण्णा आत खदाखदा हसत होते. असं हसताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. पाऊण तास मी अंगठा काढला नाही.